ह्यांचा नंबर

कँटोन्मेंटमधल्या आमच्या क्वार्टरांना नळ एकच होता आणि पाणी सकाळी थोडाच वेळ यायचं. ज्या बाईची बादली आधी, तिचा नंबर आधी. बाई स्वतः उभी नसली तरी चालायचं, बादली उभी असली म्हणजे झालं. दिल्लीच्या हिवाळ्यात धुकं इतकं पडायचं की माणसं दिसायची नाहीत, नुसती बादल्यांची रांग दिसायची. त्यातून कुणीतरी ओरडायचं, "अरे, किसका नंबर है?" मी कधी "माझा" म्हणाले नाही. गुपचूप पुढे होऊन बादली नळाखाली सरकवायची.

मला परक्या माणसाशी बोलायचं फार जड जायचं. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, तिथे नंबर म्हणजे पहिला नाहीतर दुसरा, आणि तो वर्षातून एकदाच यायचा. दिल्लीत आल्यावर हा शब्द जिकडेतिकडे भेटायला लागला आणि दर ठिकाणी त्याचं काम वेगळं. बसची पाटी वाचेपर्यंत बस निघून जायची, पण नंबर लांबून ओळखता यायचा. त्याच्याच आधाराने मी एकटी करोल बागेला जाऊन यायला शिकले. गॅसचा नंबर लावायचा आणि वाट बघत बसायचं. लोकरीच्या सुयांना नंबर. मुलीच्या पायाबरोबर तिच्या बुटाचा नंबर वाढायचा. तिला शाळेत गुण मिळत नसत, नंबर मिळत. ती दारातूनच ओरडत यायची, "मम्मी, दस में से नौ नंबर!" मी म्हणायची, "गुण म्हण गं, गुण." ती म्हणायची, "वही तो."

पण माझ्या दृष्टीने नंबर म्हणजे ह्यांचा नंबर.

फौजेत माणसाला नावाच्या आधी नंबर असतो. ह्यांच्या पलटणीत एकाच आडनावाची इतकी माणसं होती की नुसत्या आडनावाने कुणी हाक मारत नसे. नंबराचे शेवटचे दोन आकडे आडनावाला जोडायचे, मग माणूस ओळखू यायचा. कँटीनमध्ये, दवाखान्यात, खिडकीतला माणूस मान वर न करता विचारायचा, "नंबर, रँक, नाम?" मी नंबर सांगायची, हवालदार म्हणायची आणि नावाच्या जागी कार्ड पुढे करायची. आकडे लांबलचक होते, पण मला परवच्यासारखे पाठ होते. कुठे अडलं नाही.

नाव मी घेत नसे. आईने सांगून ठेवलं होतं, नवऱ्याचं नाव बायकोने तोंडाने घेतलं की त्याचं आयुष्य तेवढं उणं होतं. लग्नात नाव घ्यायची पाळी आली तेव्हा मी रडायलाच लागले, शेवटी मावशीने माझ्या वतीने घेऊन टाकलं. नंतर दिल्लीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका मागे लागायच्या. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये साताऱ्याकडची एक वयाने मोठी बाई होती, तिला सगळ्या आक्का म्हणायच्या. तिचा आवाज परेडच्या मैदानापर्यंत जाईल असा.

"अगं, घे की एकदा नाव! आमच्या ह्यांचं नाव घेतल्याबिगर मला धड शिवी पण देता येत नाही."

"राहू द्या हो आक्का," दुसरी कोणी म्हणाली, "ती लाजून मरायची."

"मग नंबर घे. तो तर येतो ना?"

सगळ्या हसल्या. मला काय झालं कोण जाणे, मी ताटातल्या तिळगुळाकडे बघत एका दमात सगळा नंबर म्हणून टाकला. आक्का हसून हसून वाकली. "बघा बाई, रेडिओवर बाजारभाव सांगतात तसा सांगितला!"

त्याच्या पुढच्या हिवाळ्याची ही गोष्ट. पलटण वर बर्फात गेली होती. तिकडे बायकामुलांना नेता येत नाही, म्हणून आम्ही दिल्लीतच राहिलो होतो. पत्रं यायची, उशिरा यायची, पण यायची. मग एका संध्याकाळी रेडिओवर सांगितलं की त्या बाजूला बर्फाचा कडा कोसळला आणि काही जवान त्यात सापडले. कुठली पलटण, किती जण, काही सांगितलं नाही. लगेच दुसरी बातमी लागली.

दुसऱ्या दिवशी नळावर कुणी कुणाशी भांडलं नाही. नाहीतर बादली पुढे सरकवली म्हणून रोज तोंडं सुटायची. त्या दिवशी सगळ्या एकमेकींना "तू भर आधी" म्हणत होत्या. तारवाला सायकलवरून आमच्या रांगेत वळला की बायका हातातलं काम थांबवायच्या. तो पुढे गेला की पुन्हा कामाला लागायच्या. एकदा एक पंजाबी बाई त्याच्या पाठीकडे बघत हळूच म्हणाली, "पता नहीं किसका नंबर है." तिला दुसऱ्या बाईने कोपराने ढोसलं. मी बादली अर्धीच भरून निघून आले.

मग पत्रं आली. आक्काच्या नवऱ्याचं आलं, पलीकडच्या दोघींना आली. माझं आलं नाही. आक्का म्हणाली, "अगं, येतंय. तुझा नवरा लिहितोच चार ओळी, त्याला किती वेळ लागणार?" पुढचं टपाल आलं, त्यातही नव्हतं.

पलटणीचं एक लहानसं ऑफिस मागे दिल्लीत राहिलेलं होतं. बायकांच्या अडीअडचणींसाठीच ते होतं, पण मी तिथे कधी पाय ठेवला नव्हता. रात्रभर मनाशी घोकलं, काय विचारायचं, हिंदीत कसं विचारायचं. सकाळी मुलीला शाळेत पाठवलं आणि गेले. ऑफिसात दक्षिणेकडचा एक क्लार्क होता. माणूस भला, मराठी त्याला येत नव्हतं. मी दारात उभी राहिले. त्यानेच विचारलं, "क्या बात है, भाभीजी?"

"चिठ्ठी नहीं आया," एवढंच मला म्हणता आलं.

"नंबर?"

तो मात्र माझ्या तोंडून झरझर बाहेर पडला. त्याने फोन उचलला, हँडल फिरवलं. एका एक्सचेंजने दुसऱ्या एक्सचेंजला जोडलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. प्रत्येक ठिकाणी तो तोच नंबर ओरडून सांगत होता, आणि मला लाज वाटत होती की माझ्यासाठी एवढा आरडाओरडा. मग तो नुसता ऐकत राहिला.

"अच्छा. अच्छा. पक्का?"

फोनवर हात ठेवून तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाभीजी, वो बोल रहे हैं, इस नंबर का कोई आदमी अब पलटन में नहीं है."

मी त्यातला "अब" तेवढा ऐकला.

"नाम बताइए, मैं नाम से पूछता हूँ. जल्दी, लाइन कट जाएगी."

टेबलावर पेन होतं, कागद होता. तोंडाने घ्यायचं नव्हतं तर मला लिहून देता आलं असतं. माझा हात उचलला नाही. एक तर आईचं म्हणणं डोक्यात होतं, आणि त्या दिवशी, त्या क्षणी ह्यांच्या आयुष्यातलं इतकंसंही उणं करायची माझी तयारी नव्हती. दुसरं त्याहून वाईट. नंबराने विचारलं तर नाही म्हणाले. आता नावाने विचारलं आणि पुन्हा नाही म्हणाले, तर पुढे विचारायला काय उरलं? नाव माझ्याकडे होतं तोवर काहीतरी शिल्लक होतं.

फोनमधून नुसती खरखर यायला लागली. क्लार्कने तो खाली ठेवला. "तीन बजे के बाद फिर मिलाऊँगा," तो म्हणाला. "लेकिन नाम चाहिए होगा, भाभीजी. घर से कार्ड ले आइए."

घरी आले. कार्ड डब्यात होतं, तो डबा मी उघडला नाही. खाटेवर ह्यांचा स्वेटर होता, पाठ आणि पोट विणून झालेलं, एक बाही सुईवर. विणत बसले. विणणं थांबवलं तर ते माझ्याकडून कबूल केल्यासारखं होईल असं काहीतरी वाटत होतं. टाके चुकत होते, उसवत होते, पुन्हा घालत होते. बाही आहे तेवढीच राहिली.

मुलगी शाळेतून आली ती नाचतच. "मम्मी, आज दस में से दस नंबर!"

"हो," मी म्हणाले.

"बोलो ना, 'गुण म्हण गं'," ती म्हणाली. माझ्याकडे बघून मग तिनेच दप्तर काढून ठेवलं. तिला जेवायला वाढलं. ती जेवता जेवता म्हणाली, "मम्मी, डाल में नमक नहीं है." मी मीठ आणायला उठले आणि स्वयंपाकघरातून बादली उचलून बाहेर पडले. का, ते सांगता येणार नाही. नळावर गेले आणि बादली खाली ठेवून उभी राहिले. नळ कोरडा, ऊन लख्ख पडलेलं, दुसरी बादली नाही.

आक्का अंगणात खाटेवर लोकर गुंडाळत बसली होती. तिने बघितलं.

"काय गं, भर दुपारी कुणाचा नंबर लावतेस?"

मग ती उठून आली. जवळ येऊन तोंडाकडे बघितलं आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "काय झालं?"

"नंबर नाही म्हणाले."

"कुणाचा?"

"ह्यांचा. त्या नंबराचं कुणी नाही म्हणाले पलटणीत."

आक्काने बादलीच्या कडीवरचा माझा हात धरला.  मग तिने विचारलं, "आणि नावानं? नावानं काय म्हणाले?"

"नाव नाही सांगितलं."

"का?"

"आयुष्य उणं होतं."

आक्काने माझा हात सोडला. "अगं बये," ती म्हणाली, "आधी तो आहे का बघ, मग उणं कर! अर्धवट विचारून आलीस आणि इथं कोरड्या नळाखाली उभी राहिलीस?" मग मुलीला हाक मारून तिने तिला आपल्या घरात बसवलं, डोक्यावर पदर घेतला आणि मला दंडाला धरून चालवलं. कार्ड डब्यातच राहिलं. वाटेत ती सतत काहीतरी बोलत होती. त्यातलं मला एवढंच आठवतं की ती मध्येच म्हणाली, "माझं पत्र आलं आणि तुझं नाही, तेव्हापासून मला तुझ्याकडं बघायची चोरी झाली होती."

दुपारी ऑफिसात माणसं जास्त होती. रेशनची गाडी आली होती, चारपाच जवान चहाचे मग घेऊन भिंतीला टेकले होते. माझे पाय दारात अडले. आक्काने मागून ढकललं. क्लार्कने आम्हाला बघून काही विचारलं नाही, सरळ हँडल फिरवायला लागला. पुन्हा तीच एक्सचेंजं. आक्काने त्याला आमचं आडनाव आणि शेवटचे दोन आकडे सांगितले. तिला तेवढंच ठाऊक होतं. त्याने ते फोनमध्ये सांगितलं, ऐकलं आणि मान हलवली.

"बोल रहे हैं, इस सरनेम के तो बहुत हैं. पूरा नाम बोलो." मग पुन्हा ऐकलं. "उधर कोई मराठी है. कह रहा है घरवाली है तो उसी को दो."

त्याने फोन माझ्यापुढे धरला.

मी त्याआधी फोन हातात घेतला नव्हता. तो जड होता आणि त्याला बिडीचा वास येत होता. आत वारा सुटल्यासारखा आवाज येत होता आणि त्या वाऱ्यातून एक माणूस ओरडत होता, "कोण? वहिनी का? मराठी का?"

"हो."

"ऐकू येत नाही! मोठ्यानं बोला! नाव सांगा, सगळं नाव!"

मी नाव घेतलं. ओठ हलले, आवाज आला की नाही मला माहीत नाही.

"वहिनी, मोठ्यानं! लाइन जाईल!"

पुन्हा घेतलं. ह्यांचं, सासऱ्यांचं, आडनाव. मध्येच खरखर झाली.

"पहिलं नाव कळलं नाही! पहिलं नाव!"

तेव्हा मी ओरडले. मला वाटलं नव्हतं माझ्यात तेवढा आवाज असेल. भिंतीला टेकलेल्या जवानांपैकी एकाचा मग तोंडाशी जाता जाता थांबला. बाहेर गाडीतून पोती उतरवणारेही वळून बघायला लागले. मी डोळे मिटून, फोन दोन्ही हातांनी धरून ह्यांचं नाव ओरडले.

"थांबा," तिकडून आवाज आला.

मी थांबले. वाऱ्याचा आवाज येत होता. आक्काने माझ्या पाठीवर हात ठेवला होता. क्लार्क टेबलाच्या काचेकडे बघत होता. तिकडे दोन माणसं काहीतरी बोलली, एक जण हसला. ते हसू ऐकून मला त्या माणसाचा इतका राग आला की तसा आयुष्यात कुणाचा आला नाही.

"अहो वहिनी!" आवाज परत आला. "जुना नंबर काय सांगताय? साहेब झाले ते! नायब सुभेदार! साहेब लोकांना नवा नंबर मिळतो, जुना बंद होतो!"

"आहेत का?" मी विचारलं.

"काय?"

"आहेत का ते?"

"आहेत की! वर पोस्टवर आहेत. सकाळीच वायरलेसवर बोलणं झालंय. वरचा रस्ता बंद आहे, म्हणून त्यांची पत्रं तिथंच..."

लाइन गेली. मी तरी फोन कानाला धरूनच होते. शेवटी क्लार्कने तो हळूच माझ्या हातातून घेतला. आक्काने त्याला सगळं सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, आणि त्याने कपाळावर हात मारला. "अरे, वो जवानों में ढूँढ़ रहे होंगे! मुझे भी पूछना चाहिए था." मग तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. "बैठिए, मेमसाब. चाय मँगवाऊँ?" सकाळी मी भाभीजी होते.

"मेमसाब म्हणे!" आक्का बाहेर आल्यावर डोळे पुसत म्हणाली. "आता काय बाई, नळावर पण पहिला नंबर हिलाच द्यायचा!"

मला हसू आलं नाही. आनंद झाला नव्हता असं नाही. पण घरापर्यंत मी मनात एकच हिशेब करत होते, तीनदा नाव घेतलं, तिसऱ्यांदा तर ओरडून. ते कुठेतरी लागलं असणार. त्या रात्री मुलीच्या शेजारी पडल्यावर मी देवाला सांगितलं की पहिली दोन धरू नकोस, ती नीट ऐकूही गेली नव्हती.

रस्ता उघडल्यावर पत्रांचा गठ्ठाच आला. एका पत्राच्या मागे पाठवणाऱ्याच्या जागी ह्यांचा नवा नंबर होता, पुढे दोन इंग्रजी अक्षरं असलेला. बढतीबद्दल आत एक ओळ होती, तीही थंडीने झालेल्या खोकल्याच्या ओळीनंतर. फाल्गुनात हे सुट्टीवर आले. ट्रंक अजून दारातच होती तोवर आक्का येऊन थडकली.

"भाऊजी, ऐकलंत का? तुमच्या बायकोनं तुमचं नाव अख्ख्या पलटणीला ऐकवलं. बर्फ वितळलं ते उन्हानं नाही!"

हे माझ्याकडे बघतच राहिले. संध्याकाळी मुलगी खेळायला गेल्यावर मी पोळ्या लाटत होते, हे दाराशी पाटावर बसले होते. म्हणाले, "मला पण ऐकव की."

"तुम्ही समोर आहात," मी म्हणाले. "समोरच्या माणसाचं नाव कशाला घ्यायचं?"

"आणि आक्कांना ऐकवलंस ते?"

"तीनदा घेतलं," मी म्हणाले.  तव्यावरची पोळी करपली. ह्यांना आईचं ते म्हणणं माहीत होतं. ते हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. उठले, मुलीच्या दप्तरातला खडू आणला आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला नवा नंबर मोठ्या आकड्यांत लिहिला.

"हा पाठ कर," म्हणाले. "पुन्हा घ्यायला लागू नये."

डाळ काढताना, मीठ काढताना दार उघडायचं, तेवढ्यात एकेक आकडा डोक्यात बसत गेला. तोही झरझर म्हणता यायला लागला. पण पहिल्या नंबरावर होता तसा भरवसा ह्या नंबरावर काही बसला नाही.

काही वर्षांनी पलटण परत वर गेली. ह्यांना निरोप देऊन आले, मुलगी शाळेत गेली. मी दाराला आतून कडी घातली, खिडकी लावली आणि ह्यांचं सगळं नाव एकदा मोठ्याने म्हणून बघितलं. घशातून नीट निघतं की नाही, एवढंच.